जुन्या मालवाहू गाड्यांनाही नियमात जागा हवी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पंधरा वर्षांपेक्षा जुनी वाहने भंगारात काढावीत की नाहीत, यावर आपल्या वाचकपत्रांच्या स्तंभात गेले काही आठवडे चर्चा चालू आहे. धूर ओकणारी आणि ब्रेक धड न लागणारी वाहने रस्त्यावरून हटली पाहिजेत, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु या चर्चेत जुनी गाडी म्हणजे एक तर शहरातल्या हौशी माणसाची चकचकीत मोटार किंवा मोडकळीला आलेला ट्रक, एवढेच गृहीत धरलेले दिसते. ज्या गाडीने एखाद्या गावाची केळी, कापूस आणि वऱ्हाडे वर्षानुवर्षे वाहिली, आणि जी तिच्या मालकाने स्वतःच्या खळ्यात, स्वतःच्या खर्चाने पुन्हा उभी केली, तिची जपणूक कोणत्या नियमाखाली करायची, याचे उत्तर आज कायद्यात सापडत नाही. मी अशा एका गाडीचा मालक आहे. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आमची गाडी म्हणजे १९७४ सालची पहिली नोंदणी असलेली महिंद्राची फॉरवर्ड कंट्रोल पिकअप. एमएच-१९ ही मालिका येण्यापूर्वीचा, तीन अक्षरे आणि चार अंकांचा क्रमांक तिच्यावर आजही आहे. जीपच्याच इंजिनावर बेतलेल्या या गाडीला बोनेट असे नाहीच. इंजिन दोन आसनांच्या मधोमध लोखंडी झाकणाखाली बसवलेले असते आणि चालक जवळजवळ पुढच्या चाकांवरच बसतो. त्यामुळे गाडीची लांबी आखूड राहूनही हौदा प्रशस्त मिळतो, आणि केळीच्या बागेतल्या अरुंद गाडवाटेवर ती सहज वळते. या रचनेचा त्रासही तेवढाच होता. वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की झाकणाच्या बाजूचा पाय अक्षरशः भाजून निघे, आणि माझे वडील त्या झाकणावर ओले गोणपाट टाकून सावद्याच्या रेल्वे स्थानकापर्यंत केळीचे घड पोहोचवत. तिथून माल दिल्लीकडे जाई. कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात हीच गाडी संकलन केंद्राबाहेरच्या रांगेत दोन-दोन रात्री उभी असे आणि आम्ही भावंडे कापसावरच झोपत असू.

१९९१ च्या सुमारास डिझेल स्वस्त पडते म्हणून वडिलांनी तिचे मूळ पेट्रोल इंजिन उतरवून दुसरे डिझेल इंजिन बसवले. त्या काळी आपल्या भागात जीपगाड्यांच्या बाबतीत हे सर्रास होत असे. नोंदणीपुस्तकात मात्र 'पेट्रोल' ही नोंद तशीच राहिली. २००१ साली ते डिझेल इंजिनही विकले गेले आणि गाडी खळ्यातल्या पत्र्याच्या शेडखाली जी उभी राहिली ती वीस वर्षे. पावसाळ्यात कोंबड्या तिच्या केबिनमध्ये अंडी घालत.

वडील गेल्यानंतर भंगारवाला दोनदा येऊन गेला. तो ३२ हजार देत होता. दुसऱ्या खेपेला त्याने सांगितले, "नाना, आता सरकारच उचलून नेणार आहे, मग दमडीही मिळायची नाही." ही भीती खानदेशातल्या गावोगावी घातली जाते, म्हणून वस्तुस्थिती इथे नोंदवतो. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरची बंदी दिल्ली व राजधानी परिसरापुरती असून ती राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाने आली. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील ज्या वाहनांची नोंदणी सरसकट रद्द होऊ लागली, ती सरकारी मालकीची वाहने होत. खासगी मालकाची गाडी केवळ तिचे वय झाले म्हणून अंगणातून उचलून नेण्याचा नियम महाराष्ट्रात नाही. तापीकाठच्या किती गाड्या या एका अफवेपायी कवडीमोलाने गेल्या असतील, ते त्या विकणाऱ्यांनाच ठाऊक.

टाळेबंदीच्या काळात शाळेच्या कामातून मी निवृत्त झालो आणि पुतण्याच्या मदतीने गाडी उघडायला घेतली. फैजपूरला गॅरेज चालवणारे, मूळचे अमळनेरचे एक वृद्ध मिस्तरी पहिल्या दिवशी आले, हातातला स्क्रू ड्रायव्हर चेसिसवर जागोजाग खुपसून पाहिला आणि म्हणाले, "गाडी भंगार नही शे नाना, उपाशी शे." त्यांचे म्हणणे खरे निघाले. स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिना, स्टिअरिंगचे जोड, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, जिथे म्हणून ग्रीस जायला हवे होते तिथे अनेक वर्षे ते गेलेच नव्हते. चेसिसचे जाड लोखंड मात्र आपल्या कोरड्या हवेमुळे ठणठणीत राहिले होते. कोकणात हीच गाडी एवढी वर्षे उभी असती तर तिची चाळण झाली असती.

गंज खरा खाऊन गेला होता तो हौद्याला, आणि त्याचे कारण आपल्या शेतीतच आहे. केळीच्या घडांचा चीक आणि खाली अंथरलेल्या ओल्या पानांचा चोथा पत्र्याच्या सांध्यांत साचून राहतो. वर युरियाच्या गोण्यांतून सांडलेले दाणे हवेतला दमटपणा ओढून घेतात आणि पत्रा आतून कुजत जातो. वरून रंग शाबूत दिसतो, बोट दाबले की ते आरपार जाते. हौद्याचा तळ आम्हाला पूर्ण काढावा लागला. फाळका आणि बाजू वाचल्या. केबिनच्या तळाला १८ गेजच्या पत्र्याची ठिगळे जोडताना एक धडा मिळाला: सलग वेल्डिंग ओढत नेले की ताप बसून पत्रा वळतो. म्हणून एक टाका इकडे, एक टाका तिकडे, मध्ये पत्रा निवू द्यायचा, अशा संथ गतीने ते काम करावे लागते. त्या ठिगळांना आमचे चार महिने गेले. गॅरेजमध्ये मजुरीचे मीटर चालू असते, तिथे एवढा सबुरीचा व्यवहार कोणालाच परवडत नाही. हे काम घरीच का करावे, याचे मला सापडलेले उत्तर एवढेच.

मात्र घरी काम करणाऱ्यांनी काही धोके ओळखले पाहिजेत, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. आम्ही चाके काढण्यापूर्वी चेसिसखाली बाभळीचे रुंद ठोकळे रचून घेतले होते. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रम उघडल्यावर ती धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची आपल्याकडची सवय फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्यामुळे तो कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा आणि तोंडाला मास्क असावा. सर्वांत मोठा धोका पेट्रोलच्या टाकीचा. वीस वर्षे रिकामी पडलेली टाकी निर्धोक झाली असे समजून तिला वेल्डिंगचा टाका मारणे म्हणजे बॉम्बला बत्ती देणे होय, कारण तळाशी डिंकासारख्या चिकटलेल्या थरातून उष्णता लागताच पुन्हा वाफ सुटते. आमच्या टाकीला आम्ही घरी हातच लावला नाही. जळगावच्या एका जाणत्या रेडिएटरवाल्याने ती गरम पाण्याने वारंवार धुऊन, आगीशिवाय साफ करून, मग डाग देऊन दिली.

आता इंजिनाविषयी. वडिलांनी उतरवलेले मूळ पेट्रोल इंजिन विकले नव्हते, ही गोष्ट मला शेड आवरताना कळली. प्लगच्या छिद्रांतून तेल ओतून, वर लाकडी गुट्ट्या ठोकून, गोणपाटात गुंडाळून त्यांनी ते भिंतीशी ठेवले होते. एवढी तजवीज त्यांनी का केली असावी, ते विचारायला आता ते नाहीत. चार सिलिंडरांचे, सुमारे २,२०० घनसेंटिमीटरचे हे हरिकेन इंजिन आजच्या मेकॅनिकला चमत्कारिक वाटते, कारण त्याचे इंधन आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. हेड काढले की अर्धेच काम दिसते. उरलेले ब्लॉकच्या कुशीतले झाकण उघडल्यावर. खालचा एक व्हॉल्व्ह इतका घट्ट बसला होता की रॉकेल आणि डिझेल आलटून पालटून पाजत पंधरा दिवस वाट पाहावी लागली. हातोडी उचलण्याचा मोह मला तीनदा झाला आणि तिन्ही वेळा मिस्तरींनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

क्रँक आणि बोअर मोजायला भुसावळच्या विद्युत इंजिन कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर आले. त्यांनी प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, उभा आणि आडवा असा मोजला, आकडे वहीत लिहिले आणि वीस थाऊचे बोअर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; सिलिंडर तेवढे रुंद करणे) सांगितले. मजुरी म्हणून त्यांनी केळीचा एक घड तेवढा नेला. पिस्टन, रिंगा, बेअरिंग हे सामान जीपच्या इंजिनाशी जुळत असल्यामुळे जळगावच्या अजिंठा चौफुलीच्या परिसरात आणि काही इंदूरला मिळाले. केबिनच्या काचेचे रबर आणि दाराची कुलपे यांसाठी मात्र वर्षभर फिरावे लागले. शेवटी रबर मापाने ओतून घेतले.

एक अडचण अशी आली जी या गाडीच्या जन्मकाळी नव्हतीच. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, इंधनपंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे बूच-गॅस्केट हे त्या मिश्रणासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, नरम पडतात, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की इथेनॉलने ओढून घेतलेले पाणी टाकीच्या तळाशी साचून गंज धरते. आम्ही सर्व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घातल्या, पंपाचा पडदा बदलला आणि गाडी उभी करायची असेल तेव्हा टाकी रिकामी करून ठेवतो. उसाचे आणि मक्याचे इथेनॉल हा आपल्या शेतकऱ्यांच्या हिताचा विषय आहे, हे मी जाणतो. पण जुने इंजिन जपणाऱ्याने एवढी काळजी घेतली नाही तर गाडी दुरुस्त होऊन वर्षभरात पुन्हा बंद पडेल.

रंगाचे थोडक्यात सांगतो. मे महिन्यात आम्ही घाई केली आणि फसलो: उन्हामुळे थिनर हवेतच उडून रंगाचे कण कोरडे होऊन बसले आणि केबिन काचकागदासारखी खरखरीत झाली. ते सगळे घासून, पावसाळा उलटल्यावर, कार्तिकातल्या सकाळी पुन्हा रंग मारला. रंग मूळचाच ठेवला आहे, हिरवट करडा. दाराच्या आतल्या बाजूला तो जसाच्या तसा सापडला होता.

या सर्व कामात एका जागेला मी ग्राइंडर लागू दिला नाही. चेसिसवर जिथे क्रमांक ठोकलेला असतो तिथला गंज हाताने, तारेच्या ब्रशाने आणि तेल लावून काढला. परिवहन कार्यालयात या क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा द्यावा लागतो. घासून पुसट झालेला क्रमांक संशयास्पद ठरतो, आणि तो एकदा गेला की गाडीची ओळखच गेली. मूळ इंजिन परत बसवल्यामुळे नोंदणीपुस्तकातला इंजिन क्रमांक आणि 'पेट्रोल' ही नोंद पुन्हा खरी झाली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. म्हणजे माझ्या वडिलांनी १९९१ साली केलेली चूक त्यांच्या मुलाने तीस वर्षांनी दुरुस्त केली, असे म्हणता येईल. एकूण खर्च दोन लाख दहा हजारांच्या घरात गेला. या रकमेत वापरलेली एखादी नवी पिढीची पिकअप आली असती, हे मला घरातल्या सर्वांनी सांगून झाले आहे. तेव्हा वाचकांनी तसदी घेऊ नये.

गाडी सुरू झाली. आता मूळ मुद्दा.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी वाहने त्यात येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, फेरनोंदणीचे ५ हजार, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती चालवायची. हा नियम चांगला आहे, आणि त्याने अनेक जुन्या मोटारी वाचल्या. परंतु त्याची व्याख्या बिगर-व्यावसायिक, वैयक्तिक वापराच्या वाहनांपुरती आहे. मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी, मग ती पन्नाशी ओलांडून कितीही मूळ रूपात असो आणि तिने कित्येक वर्षे भाड्याचा एक घडही वाहिलेला नसो, या व्याख्येच्या दारात अडते.

मग अशा गाडीला उरतो तो सर्वसाधारण मार्ग, म्हणजे मालवाहू वाहन म्हणून दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र. त्या मार्गावर पाऊल ठेवताच मागची सगळी वर्षे समोर येऊन उभी राहतात. थकलेला कर, पर्यावरण कर, जुन्या वाहनांसाठी वाढवलेले शुल्क, आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत संपल्यानंतर प्रत्येक दिवसामागे ५० रुपये अतिरिक्त आकारण्याची नियमातील तरतूद. वर्षाचे १८,२५० रुपये होतात. या तरतुदीविरुद्ध २०२४ मध्ये राज्यातले रिक्षाचालक रस्त्यावर उतरले होते, ते उगाच नव्हे. गाडी वापरात नसेल तर तशी सूचना कार्यालयाला आगाऊ देऊन त्या काळाचा कर टाळता येतो, ही सोय आमच्या वडिलांना माहीत नव्हती. ज्यांच्या शेडमध्ये आज अशी गाडी उभी आहे त्यांनी ती सूचना लेखी देऊन पोच जपून ठेवावी, एवढे या निमित्ताने सुचवतो.

मी ज्या कार्यालयात गेलो तिथल्या एका खिडकीने मला व्हिंटेज नोंदणीचा अर्ज करायला सांगितले, दुसरीने ती मालवाहू असल्याने अर्ज चालणार नाही असे सांगितले, आणि तिसरीने, अगदी आपुलकीने, गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात देऊन तिचे 'ठेव प्रमाणपत्र' (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) घेण्याचा सल्ला दिला. त्यावर नव्या मालवाहू वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. वाहनाचा वर्ग बदलून ते वैयक्तिक करून घ्या, असेही एकाने सुचवले. पण त्यासाठी बॉडीचा प्रकार बदलावा लागेल, असे तिथेच सांगण्यात आले. म्हणजे मूळ रूप जपण्याच्या नियमात शिरण्यासाठी आधी मूळ रूप मोडायचे. त्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण त्यांच्यासमोरच्या नियमात माझ्या गाडीचे नावच नाही.

दुसरी संदिग्धता 'मोठा फेरफार' या शब्दांची. कुजलेल्या हौद्याच्या जागी त्याच मापाचा, त्याच जाडीचा, त्याच घडणीचा पत्रा घातला तर तो फेरफार की दुरुस्ती? वीस थाऊ बोअर केलेले मूळ इंजिन मूळ राहिले की नाही? घरी काम करणाऱ्याला हे आधी कळले पाहिजे, दोन लाख खर्च झाल्यावर नव्हे. मूळ नमुन्याबरहुकूम केलेली दुरुस्ती आणि रचनेत केलेला बदल यांतला फरक नियमात शब्दांनी मांडला, आणि दुरुस्तीच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे व बिले पुरावा म्हणून ग्राह्य धरली, तर प्रश्न सुटण्यासारखा आहे. आमच्याकडे अशी दोन वर्षांची वही आहे.

माझी मागणी मोठी नाही. पन्नास वर्षांवरील, ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या आणि यापुढे भाड्याने माल वाहणार नाही असे हमीपत्र देणाऱ्या मालवाहू गाड्यांना केंद्राच्या व्हिंटेज नियमात सामावून घ्यावे. ही वजनमर्यादा मी मनाने काढलेली नाही. त्याच मर्यादेपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना कायद्याने परवान्यातून आधीच सूट दिलेली आहे. सुरक्षिततेच्या तपासणीतून सवलत मी मागत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे यांची चाचणी अवश्य घ्यावी, धूरही मोजावा; बीएस-२ या प्रदूषण निकषापूर्वीच्या चारचाकी पेट्रोल वाहनांसाठी कार्बन मोनॉक्साइडची ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम ही मर्यादा आहे, आणि कार्ब्युरेटर नीट बसवल्यावर आमची गाडी तिच्या आत येते. नियम केंद्राचा असला तरी राज्याच्या परिवहन विभागाला शिफारस करता येते, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या लोकप्रतिनिधींना हा प्रश्न दिल्लीत मांडता येतो. मोटारींच्या फेऱ्या मुंबई-पुण्याला निघतात आणि त्यांत राजेरजवाड्यांच्या गाड्या मिरवतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्या भागात राजेरजवाड्यांच्या गाड्या होत्या किती? इथे जे होते ते केळी वाहणारे होते. पाचोरा-जामनेरची पीजे ही छोट्या रुळांची रेल्वे २०२० साली थांबली तेव्हा आपण सगळेच हळहळलो, आणि तीही काही राजाची गाडी नव्हती.

सध्या मी दर रविवारी सकाळी गाडी सुरू करतो. थंडीत ती चोक ओढून दुसऱ्या सेल्फला उठते. पुतण्या शेजारी बसतो, इंजिनाच्या झाकणावर अजूनही गोणपाट असते, आणि आम्ही खळ्यातून विहिरीपर्यंत, विहिरीवरून केळीच्या कडेने शेवटच्या बांधापर्यंत जातो. बांधापलीकडे डांबरी रस्ता सुरू होतो. तिथे गाडी वळवायला जागा पुरेशी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
यावल तालुका, जि. जळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे)